नवरदेवाची कंबर, माझे रोजे

संभाजीनगर मी पहिल्यांदा पाहिलं ते मागं जाताना. गाडी तिथं थांबली, माणसं उतरली, चढली, आणि मी खिडकीला डोकं टेकून झोपलेलो. जाग आली ती गाडी हलल्यावर. पुढचं स्टेशन मुकुंदवाडी, एवढंसं. तिथं उतरलो तेव्हा एका हातात कपड्यांची पिशवी, आणि दुसऱ्या हातात अम्मानं बांधून दिलेली सुकट. आमचं गाव दापोलीच्या खालच्या अंगाला. नववीत शाळा सोडल्यापासून मी कपडे शिवतोय, पण एवढ्या लांब एकटा कधी आलो नव्हतो.

बाहेर एक रिक्षा उभी होती.

“कुठं जायाचं?”

“शहागंज.”

“मंग हितं कामून (का) उतरला?”

“झोप लागली.”

“बरं झालं, जालन्यात नाय उतरला.” रिक्षावाल्यानं माझी पिशवी हुंगली. “ह्याच्यात काय मेलंय का?”

हे दामूअण्णा. मूळचे पिशोरचे. शेती भावाकडं, रिक्षा यांच्याकडं. राहायची सोय नाही म्हटल्यावर त्यांनी रिक्षा शहागंजकडं न नेता आधी स्वतःच्या घराकडं वळवली आणि वरची रिकामी खोली दाखवली. सरूकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला पाणी दिलं, चहा दिला, आणि सुकट मात्र गच्चीवरच्या दोरीला बांधायला लावली. परक्या गावात पाय ठेवून तासही झाला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंना वाटलं चहा कडक झाला.

दुपारी शहागंजला पोहोचलो. घड्याळाच्या मनोऱ्यामागच्या गल्लीत हबीबचाचांचं दुकान. चाचा शेरवान्यांचे मास्टर. मामाची आणि त्यांची जुनी ओळख. त्यांनी मामाला कळवलं होतं की पोराला रमजानपुरतं पाठव, काम पसंत पडलं तर कायमचा ठेवून घेईन. आपल्याकडं आता लोक तयार कपडे घेतात, हे तुम्हाला सांगायला नको. माझं मशीन वर्षातला निम्मा काळ चादरीखाली असतं. तेव्हा इथं टिकणं किती गरजेचं होतं ते समजून घ्या.

चाचांनी सलामाचं उत्तर दिलं आणि त्याच दमात माझ्या कमरेला टेप गुंडाळली.

“अल्लाह! वोइच नाप!” (तेच माप!)

मग खुलासा झाला. फैसलभाई नावाचा एक नवरदेव सौदीत नोकरीला. लग्न ईदनंतर लगेच, आणि तो येणार ईदच्या तोंडावर. शेरवानी हिमरूची, म्हणजे इथल्या त्या रेशमी विणीच्या कापडाची. अंगावर चढवून बघायला नवरदेव जाग्यावर नाही. पण जाताना तो देऊन गेलेलं माप आणि माझ्या अंगाचं माप एकच निघालं. त्यामुळं कच्चे टाके घातलेली शेरवानी दर जुम्म्याला (शुक्रवारी) मी चढवायची आणि चाचांनी टाचण्या लावायच्या, असं ठरलं.

“ये कमर अब तुम्हारी नहीं, मियां,” चाचा म्हणाले. “दूल्हे की अमानत है. ईद तक ऐसीच रखना. कपडा बिगडा तो मेरा नाम जाएगा, और तुम गांव जाओगे.”

मी मान डोलावली. लोक सोनं, जमीन, दाखले सांभाळायला देतात. मला कंबर मिळाली.

दुसऱ्या संध्याकाळी चाँद दिसला आणि रोजे सुरू झाले. आता इथल्या इफ्तारचं वर्णन करतो. कुणी उपाशी असेल तर पुढच्या ओळी सोडून द्या. गल्लीत संध्याकाळी लांब दस्तरखान अंथरतात. खजूर, टरबूज, पपई, कांदाभजी, समोसे, लाल सरबत. हे झालं की मगरिबची नमाज, आणि नमाजेनंतर खरं जेवण. त्यात नान खलिया. नान म्हणजे तंदुरातली पिवळसर, तुकतुकीत रोटी. खलिया म्हणजे मटणाचा झणझणीत रस्सा, वर लाल तेलाचा तवंग. आपल्या आंबोळीची शपथ घेऊन सांगतो, असं काही मी आधी खाल्लं नव्हतं.

आणि माझा एक दोष आहे. मला कुणी प्रेमानं वाढलं की नाही म्हणता येत नाही. ओळख ना पाळख, समोरचा माणूस स्वतःच्या पुढ्यातली बोटी (मटणाचा तुकडा) उचलून आपल्या पुढ्यात टाकतो, म्हणतो, “खाओ मियां, परदेसी हो.” अशा वेळी नको म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही, निदान आरशात तरी नाही. मी खात गेलो. तरावीहला (रमजानमधली लांब नमाज) उभा राहिलो की माझ्या पोटात सरबत हेलकावे खायचं. एकदा सजद्यात कपाळ टेकलं आणि तिथंच डोळा लागला. शेजारचे आजोबा कौतुकानं म्हणाले, “कित्ता लंबा सजदा! अल्लाह कबूल करे.” मी आमीन म्हटलं.

जी कसर राहायची ती सरूकाकू भरून काढत. त्यांचा सरळ हिशेब होता: पोरानं उपास धरलाय, उपासाला फराळ लागतो. पहिल्याच दुपारी अण्णांची रिक्षा दुकानापुढं थांबली, आणि त्यातून डबा उतरला. साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, वर उपासाची मिरची.

“अण्णा, मला सूर्य मावळेपर्यंत चालत नाही.”

“यात कांदा-लसूण नाय बाबा. मीठ बी सैंधव हाय.”

“पाणीसुद्धा चालत नाही.”

अण्णा रिक्षातून खाली उतरले. हे उभ्यानं ऐकायची गोष्ट नव्हे, पण दुकानात बसायला जागा नव्हती. “पाणी बी नाय? चहा बी नाय? मग हा उपास हाय का शिक्षा?”

डबा परत गेला, पण गेला तो फक्त माझ्या खोलीपर्यंत. इफ्तार आणि जेवण दोन्ही करून मी मुकुंदवाडीला पोचलो की तो दारात वाट बघत असायचा. काकू जिन्यात उभ्या. “सगळं संपव रं, सलीम. दिसभर उपाशी हायस.” मी संपवायचो. त्यांचे डोळे भरायचे, माझं पोट भरायचं, आणि अमानत वाढायची.

जुम्मा आला. शेरवानी चढवली. वरची बटणं लागली, मधली लागली, आणि पोटावरचं बटण काजापासून अंतर राखून उभं राहिलं. चाचांनी दातात धरलेली टाचणी काढली.

“सांस छोडो.”

सोडला.

“पूरी छोडो, मियां.”

आणखी सोडला असता तर आत्माच गेला असता. चाचा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त भिंतीवरच्या खुंटीकडं पाहिलं, जिथं मी रोज आणायचो ती माझी गावाकडची पिशवी टांगलेली होती.

“मियां,” ते म्हणाले, “रोजा पेट का है कि पेट का बदला है? दिनभर का सब शाम को वसूल करते क्या? पोटात थोडी जागा पाण्याला ठेव, थोडी श्वासाला ठेव. तू तर भाडेकरू भरल्यासारखा भरतोय.” चाचा रागावले की मराठीत येतात.

त्या दिवसापासून त्यांनी मला आपल्याच ताटात जेवायला घेतलं. इथं मोठ्या थाळ्यात सगळे मिळून जेवतात, आणि एक रीत अशी की ताटातल्या वडील माणसानं हात आवरला की लहानांनीही हात आवरायचा. हे मला ठाऊक होतं. चाचा किती लवकर हात आवरतात हे ठाऊक नव्हतं. खजूर आणि दोन घोट पाण्यावर ते नमाजेला उठले. परत येऊन बसले, एक घास घेतला, तो चावता चावता त्यांनी मला काजं कशी करावी हे सांगितलं, मग दुसरा घास, मग खिशाच्या पट्टीबद्दल, आणि पाचेक घासांत “अल्हम्दुलिल्लाह” म्हणून हात काढला. माझा हात बोटीसकट हवेत. ती बोटी मी परत ठेवली. आयुष्यात एवढं जड काही उचललं नव्हतं.

पहिल्या दिवशी मला रडू आलं. मग हळूहळू कळायला लागलं की खजूर खाऊन नमाजेला गेलं की परत येईपर्यंत भुकेचा अर्धा आरडाओरडा ऐकू येईनासा होतो. भजी मी एकच घ्यायला शिकलो, आणि तीही कुरकुरीत बघून, म्हणजे मन भरतं. तरावीहला जागा राहू लागलो. आजोबांना वाटलं माझी भक्ती कमी झाली.

राहता राहिल्या काकू. त्यांना नाही म्हणायचं म्हणजे मला ताप आल्यासारखं व्हायचं. शेवटी जिन्यात उभा राहून डोळे मिटून सांगितलं, “काकू, मी जाड झालो तर माझी नोकरी जाईल.”

“असली कसली नोकरी?”

मी कमरेची सगळी गोष्ट सांगितली. काकू पायरीवर बसून इतक्या हसल्या की अण्णा धावत आले. मग त्या गंभीर झाल्या. “मला आधी नाय सांगायचं व्हय? तुझ्या लग्नाची बी शेरवानी नाय, अन् मी उगं भरतीय.” दुसऱ्या दिवसापासून सहेरीला (पहाटेचं जेवण) ज्वारीची भाकरी, दही आणि थोडी पालेभाजी. भातावर वाढलेला माणूस मी. भाकरी पहिल्यांदा घशात अडकली. पण ती पोटात दुपार उलटेपर्यंत शिस्तीत बसून राहायची. भात असा नसतो, तो लगेच उठून जातो.

त्यात एकादशी आली. काकूंनी जाहीर केलं की या वेळी त्या माझ्यासारखा उपास करणार. पाणी नाही, चहा नाही.

“जमंल का?” अण्णा म्हणाले. “तुझी एकादशी म्हंजी दुप्पट खाशी.”

“गप बसा. पोरगं करतंय, मला नाय जमत?”

सकाळी त्या उत्साहात होत्या. दुपारी अण्णांनी मला दुकानात फोन केला. “सलीम, लवकर ये. तिनं मला जोरात खाऊ नको म्हणून सांगितलंय. चावल्याचा आवाज येतो म्हणं.” संध्याकाळी मी पोचलो तेव्हा काकू गच्चीवर सूर्याकडं अशा बघत होत्या, जणू तो उसनं घेऊन बसलाय. अजान झाली. काकूंनी खजूर खाल्ला, पाणी प्यायल्या, मग थोडी भगर घेतली आणि वाटी खाली ठेवली.

“ऐला,” त्या म्हणाल्या, “बास झालं की.” त्या वाटीकडं बघतच राहिल्या. “मग इतकी वर्षं मी ते भगुणंभर (पातेलंभर) कुणासाठी खात होते?”

“मला वाटायचं माझ्यावरच्या रागानं,” अण्णा म्हणाले.

पुढच्या जुम्म्याला पोटावरचं बटण स्वतःहून काजात गेलं. त्याच्या पुढच्यालाही. चाचांनी मला हिमरूवर पक्का टाका घालू दिला. शेरवानी झाली. तशी शेरवानी मी उभ्या जन्मात घातली नव्हती आणि घालणारही नाही.

शेवटच्या रोज्याच्या दुपारी फैसलभाई आले. आधी दुकानात त्यांचं पोट आलं, मग सलाम. माझी कंबर त्यांनी सौदीत नेऊन फुगवून आणली होती. शेरवानी घातली, बटण आणि काज यांच्यात चार बोटांची हद्द. इतके दिवस मी जी कंबर जपली, ती तर कुणाचीच नव्हती!

“भाई,” चाचांनी विचारलं, “रोजे रखे ना?”

“पूरे रखे, चाचा. इफ्तारी कंपनी की थी. फ्री.”

चाचांनी शेरवानी उलटी केली आणि बाजूच्या शिवणी दाखवल्या. आत त्यांनी भरपूर कापड राखलं होतं. “खोल,” त्यांनी मला ब्लेड दिलं. हिमरूची शिवण उसवायची म्हणजे धोका. जुन्या टाक्यांची भोकं दिसली की संपलं. पण भरल्या पोटी जी सुस्ती येते ती नव्हती. टाका न् टाका दिसत होता. उसवलं, ओला पंचा ठेवून इस्त्री फिरवली, भोकं मिटली, परत शिवलं. अजानच्या जरा आधी बटण लागलं. श्वास घेण्यापुरती जागा उरली, तीही लहान श्वासाला.

फैसलभाई इतके खूश झाले की शेरवानी उतरवेनात. तसेच दस्तरखानावर बसले. एक समोसा गेला, दुसरा गेला, आणखी किती गेले मी बघत होतो. हात पुन्हा ताटाकडं गेला आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. मी, ज्यानं आजवर कुणाला नाही म्हटलं नव्हतं, नवरदेवाचं मनगट धरलं आणि ओरडलो, “बस भाई! अब अंदर कपडा नहीं है!”

फैसलभाईंनी समोशाकडं पाहिलं, पोटाकडं पाहिलं आणि समोसा आदरानं परत ठेवला. मग चाचा हसायला लागले. असे हसले की सरबत सांडलं.

“ईद के बाद आ जाना,” ते मला म्हणाले. “कारीगर बन के. कमर हम दूसरी ढूंड लेंगे.”

ईदला काकूंना शीरखुर्मा नेऊन दिला. त्यांनी वाटीभरच घेतला, अण्णांनी पातेलं घेतलं. दोन दिवसांनी मी गावाकडं निघालो, अम्माला भेटून परत जायचं म्हणून. वाटेत एसटी दुपारी घाटाखालच्या हॉटेलात थांबली. सगळे उतरले. गरम वड्याचा वास आला आणि सवयीनं मी दचकलो: कंबर! मग लक्षात आलं, रमजान संपला, शेरवानीत नवरदेव गेला, आता कुणी टेप घेऊन उभं नाही. मोकळं वाटायला हवं होतं. उलट जास्तच भीती वाटली. दुसऱ्याची वस्तू माणूस जिवापाड जपतो. स्वतःचीच म्हटल्यावर कोण विचारतो? बराच वेळ विचार करून मी एक वडा घेतला. एका जागी बसून, चावून चावून खाल्ला आणि उठलो.

शेजारच्या गृहस्थांच्या ताटात चार होते. त्यांनी काळजीनं विचारलं, “पथ्य आहे का हो?”

“नाही,” मी म्हणालो. “माझंच पोट आहे. अजून सवय नाही.”