वच्छलाबाईच्या रक्ताची रेघ

पुनम माझी विद्यार्थिनी. मूल गावच्या शाळेत पहिल्या बाकावर बसायची आणि उत्तर येत असूनही हात अर्धाच वर करायची. आता ती नागपूरला एका प्रयोगशाळेत काम करते. एका शनिवारी दुपारी ती बॅगेसकट माझ्या दारात उभी राहिली. आईचं घर जवळच, तरी आधी माझ्याकडे आली.

"बाई, माझ्यासंगं घरी चला. मले एकटीले भेव वाटते."

पाणी प्यायल्यावर तिने सांगितलं ते असं. फुप्फुसात वाढणारी एक बुरशी असते. तिचा खोकला क्षयासारखाच, म्हणून माणसं भलतीच औषधं घेत राहतात. ती लवकर ओळखू यावी म्हणून पुनमने त्या बुरशीच्या जनुकांचे तुकडे निरुपद्रवी जिवाणूंत घातले. जिवाणूंची एकेक वसाहत बुरशीचं एकेक प्रथिन तयार करू लागली. त्यांवर रुग्णांच्या रक्तातला द्रव सोडला आणि त्याने जे प्रथिन घट्ट धरलं तेवढंच निवडून वाढवलं. त्याच्यापासून एक पट्टी केली. रुग्णाचं रक्त लागलं की पट्टीवर रेघ उमटते. निरोग्याचं लागलं तर पट्टी कोरी राहते.

पडताळायला धुळीत वावरणाऱ्या निरोगी माणसांचं रक्त हवं होतं. पुनमने इथल्या राईस मिलमधल्या बायांना विचारलं. कोंड्याची पोती भरणारी तिची आई, वच्छलाबाई, सगळ्यात आधी पुढे आली. कधी टीबी झाला होता का, असं लेकीने विचारलं तर म्हणाली, "मले काय धाड भरली?"

आणि रेघ तिच्याच रक्ताने उमटली.

"लॅबमधले सर म्हणतात, प्रथिनच चुकलं असन. नमुना कोणाचा हाय ते मी सांगतलंच नाई," पुनम म्हणाली. "बाई, माझं सारं काम खोटं निघू दे, असं म्हणून राह्यली मी."

आम्ही गेलो तेव्हा वच्छलाबाई अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होती.

"बाईले काऊन आणलं वो? सोयरीक घेऊन आल्या का?" ती हसली. हसताना खोकला आला, तशी पाठ फिरवून तिने तोंडाला पदर लावला. तो पदर ती पटकन मुठीत दाबू लागली. पुनमने मूठ उघडली. पदरावर ताजा लाल डाग होता.

सूप तसंच राहिलं.

"तू चंद्रपूरले होस्टेलात होती तवा झालता टीबी," वच्छलाबाई खाली बघत म्हणाली. "साऱ्या गोळ्या खाल्ल्या, बरी झाली. कोणाले नाई सांगतलं. आईले टीबी होता म्हटलं त तुले बायको कोण करन?"

"अन् हे रक्त?"

"मधातमधात पडते. उन्हाचं असन म्हटलं."

नागपूरला स्कॅनच्या खोलीबाहेर पुनमने माझा हात इतका आवळला होता की बांगडी रुतली. आतून कोणी बाहेर आलं की ती उभी राहायची. डॉक्टरांनी सांगितलं ते आम्हाला आधीच ठाऊक झाल्यासारखं होतं: जुन्या क्षयाने फुप्फुसात पोकळी केली होती आणि त्या पोकळीत बुरशीचा गोळा वाढला होता. औषध बरेच महिने द्यावं लागेल, रक्त वाढलं तर ऑपरेशन. वेळेवर आणलंत, असंही ते म्हणाले.

वच्छलाबाईने लेकीकडे पाहिलं. "तुही पट्टी खरी निघाली ना?"

"हो."

"मंग रडून काऊन राह्यली?"

औषध चालू आहे. मिलचं काम सुटलं. पुनमने नमुना कोणाचा ते सरांना सांगितलं. पण तिची भीती काही गेली नाही. रोज सकाळी वच्छलाबाईला तिचा फोन येतो आणि मी तिथे असले की पलीकडचं ऐकू येतं, "आई, खोकून दाखव."

"नाई येऊन राह्यला खोकला," वच्छलाबाई ओरडते, "आता काय लटकाच खोकू का?"

तरी ती एकदा खोकते. मग मागून आणखी खोकला येतो का, ते दोघी कान देऊन ऐकतात.