साडेतीन फुटांचं जोतं

घरकुलांचं टेबल माझ्याकडे आलं ते शिक्षा म्हणून. पेणला तालुक्याच्या कचेरीत मी कारकून होते, आणि दौऱ्यावर आलेल्या पाहुण्यांना चहा द्यायला दर वेळी बायकांनीच का उठायचं, असं मी भर मिटिंगमध्ये विचारलं होतं. दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कनं धुळीनं माखलेल्या फायलींचा गठ्ठा माझ्यापुढे आपटला. "घ्या, आता बसा गरिबांची घरं बांधत," म्हणाले. मी रडेन असं त्यांना वाटलं असावं. मी पदर खोचला आणि धूळ त्यांच्याच टेबलाच्या दिशेनं झटकली.

महिन्याभरात मला ते टेबल आवडायला लागलं. नव्वदच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. ज्यांना घर नाही त्यांची यादी गावच्या सभेत देवळात वाचायची, हरकती ऐकायच्या, नावं पक्की करायची, जागा बघायची आणि बांधकाम टप्प्याटप्प्यानं पुरं झालं की दाखला द्यायचा. दाखला मिळाला की पुढच्या टप्प्याचं सामान सुटायचं. बाकीच्या टेबलांवर कागदातून कागद निघायचे, माझ्या टेबलावरच्या कागदातून घर निघायचं. एवढं सुख सरकारी नोकरीत दुसऱ्या कुणाला मिळालं असेल, असं मला वाटत नाही.

मी राहायची निडीजवळच्या एका गावात, शेतकऱ्याच्या घरात. सकाळी रोह्याहून येणारी एसटी पकडायची, नागोठण्याला कंपनीच्या शिफ्टची माणसं उतरली की बसायला जागा मिळायची, मग वडखळ, मग पेण. आमच्याकडे भात झाला की त्याच शेतात वाल. पाणी म्हणजे आम्हाला वरून पडणारं, नाहीतर नदीतून वाहणारं. समुद्र दिवसातून दोनदा घरापर्यंत चालत येतो, हे मला शाळेत शिकवलं होतं, पण कळलेलं नव्हतं. पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

वडखळपासून आत खाडीकाठच्या एका गावात त्या वर्षी अकरा घरकुलं मंजूर होती. दहा गावठाणाच्या उंचवट्यावर होती, ती वेळेवर वर येत होती. अकरावं खालच्या सखल जागेत होतं, त्याचं काम ओव्हरसियरनं अडवलं. घर एका विधवेचं होतं, पन्नाशीच्या आसपासची, सारा जन्म मिठागरात गेलेला. वीस वर्षं ती मिठागराच्या बांधावर मालकाच्या झोपडीत राहत होती, आणि मिठाचा हंगाम संपताच झोपडी सोड, असं मालकानं तिला सांगितलं होतं. म्हणजे पावसाच्या आत घरावर कौलं चढली नाहीत, तर तिला आणि तिच्या मुलाला डोकं टेकायला जागा नव्हती.

तिचा गुन्हा काय? वरून आलेल्या आराखड्यात जोतं दीड फुटाचं होतं. तिनं बांधलं साडेतीन फूट. आराखडा डोंगरावरच्या वाडीला तोच, माझ्या गावाला तोच आणि खाडीलाही तोच. ओव्हरसियर म्हणाले, "आज जोतं वाढवलं, उद्या माडी बांधेल. नियमात बसत नाही, दाखला नाही."

मी पाहणी ठरवली. मंगळवारी जीप मोकळी होती, म्हणून मंगळवार. पंचांग बघायचं असतं हे माझ्या डोक्यातही नव्हतं. आम्ही गेलो तेव्हा चैत्रातलं ऊन तापलं होतं, खाडी पार दूर गेलेली, नजर पोचेल तिथवर भेगाळलेला चिखल, त्यावर खेकडे पळत होते. ते एकटं उंच जोतं मला खरंच जरा मिजाशीचं वाटलं.

ती बाई डोक्यावरची पाटी उतरवून जवळ आली. "आज भांग हाय गो बाय," ती म्हणाली. "आठमीला पानी मरतं. पुनवेला ये, मंग बघ."

ओव्हरसियर हसले. मला म्हणाले, "तारखा पुढे ढकलायची युक्ती आहे." आणि मी, जी चहाच्या कपावरून अख्ख्या कचेरीशी भांडले होते, ती त्या दिवशी मुकाट्यानं जीपमध्ये बसले. परत येऊन सुवाच्य अक्षरात टिप्पणी लिहिली: स्थळपाहणी केली. परिसरात पाणी आढळले नाही. जोते आराखड्यापेक्षा दोन फूट जास्त. खाली माझी सही.

आठ दिवसांत साहेबांचा आदेश निघाला. पंधरा दिवसांत जोतं दीड फुटावर आणा, नाहीतर मंजुरी रद्द. शिपाई रजेवर होता म्हणून आदेश घेऊन मीच निघाले. वडखळला उतरून तासभर चालत.

तिला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं, आणि तिनं विचारलं म्हणून माझी टिप्पणीही सांगितली. पाणी आढळले नाही, हे शब्द ऐकले आणि ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग हसणं एकदम थांबलं. माझा हात धरून तिनं मला मालकाच्या झोपडीत नेलं. मधल्या मेढीवर, छप्पर तोलणाऱ्या खांबावर, कोयत्यानं मारलेल्या खुणा होत्या. एकाखाली एक, पंधरा-वीस.

"यो दर सालचा श्रावनातला उधान," ती एकेकीवर बोट ठेवत म्हणाली. "पानी ओसरला का कोयता मारायचा. माज्या सासऱ्याच्या घरात व्हता तसाच. हा वरचा हाय ना, त्या साली बांध फुटलेला. चूल, पोरांची कापडं, समदा घेऊन गेला."

नळीत पाणी भरून, गवंडी धरतात तशी पातळी धरत, गावातल्या माणसांनी ती वरची खूण झोपडीपासून नव्या जागेपर्यंत आणली होती, आणि जोतं तिच्याहून वीतभर उंच घेतलं होतं. मिठागराच्या एका खणातलं पाणी दुसऱ्या खणात सोडण्यात आयुष्य गेलेली माणसं ती. बोटभर उतार त्यांना नजरेनं कळतो, आणि पातळी शिकवायला आम्ही निघालो होतो!

"आनि तोड म्हंजे काय?" तिचा आवाज चढला. "यो जोता माजा येकलीचा नाय. बांध फुटला का घरटी येक मानूस निंगतं, बुजवायला. तसाच माज्या जोत्यालाबी घरटी येक मानूस आला. आठ दिस माती टाकली लोकांनी. तोडायचा असंल तर गावाला सांग. मी हात लावायची नाय. तुज्या सायबाला म्हनावं, ये आनि तूच फोड."

शरमेनं माझे कान तापले. मला माझा राग आला, अगदी खरा. ज्या बाईला घर मिळावं म्हणून मी पगार घेत होते, तिचं घर मीच एका ओळीत बुडवलं होतं. आदेश तिच्या हातात न देता मी पर्समध्ये कोंबला आणि परत फिरले. आदेश बजावलाच नाही, हा माझा पहिला नियमभंग. पुढचे मोजले नाहीत.

कचेरीत मी नवी टिप्पणी लिहिली. आधीची पाहणी अष्टमीला, भांगाच्या म्हणजे सर्वात कमी भरतीच्या दिवशी झाल्याने चुकीची आहे; उधाणाच्या दिवशी पुन्हा पाहणी करावी. हेडक्लार्कनी चष्मा वर केला. "सरकारी फायलीत तिथी? उद्या मुहूर्त काढाल."

"हो, काढते," मी म्हटलं. "समुद्र सरकारी तारखेनं चालत नाही. आपल्यालाच त्याच्या तारखेनं जावं लागेल."

साहेब देशावरचे, नवीन, माणूस वाईट नव्हता पण कागदापलीकडचं त्याला दिसत नसे. ते म्हणाले, "बाई, टिप्पणी तुमचीच आहे आणि तिच्याविरुद्ध तक्रारही तुमचीच. मी कुणावर विश्वास ठेवू?"

"दोघींवर नको, साहेब. पाण्यावर ठेवा."

वैशाखी पुनवेला सुट्टी असते म्हणून जीप मिळणार नाही, असं सांगण्यात आलं. मी हसले, कारण मी आता त्या बाईकडून शिकून आले होते. दुसऱ्या दिवशी या, मी म्हटलं, त्या दिवशी पाणी कमी नाही, थोडं जास्तच चढतं. दुपारी बारा वाजता पोचायचं आणि तासभर थांबायचं.

साहेब आले. घड्याळ बघत, कपाळाला आठ्या घालत. आल्यावर आभाळाकडे बघितलं, एक ढग नव्हता. जीप वाटेवर उभी केली. ती बाई म्हणाली, "गाडी वर घ्या." ड्रायव्हरनं ऐकलं नाही. गाव जमून लांब उंचवट्यावर उभं होतं. पाणी कसं आलं ते सांगता येणार नाही, कारण ते आलं असं दिसलंच नाही. चिखलाचा रंग बदलला, खेकडे नाहीसे झाले आणि मग साहेबांचे बूट भिजले. आम्ही सगळे, साहेब, ओव्हरसियर, मी, एकामागून एक त्या मिजाशी जोत्यावर चढलो. आसपास तेवढीच एक कोरडी जागा होती. ड्रायव्हर जीपच्या टपावर बसला होता, आणि तेव्हा मात्र गाव हसलं.

मी टेप ओव्हरसियरच्या हातात दिला. त्यांनी वाकून पाणी मोजलं. एक फूट तीन इंच.

"साहेब, पावसाचा थेंब नाही," मी म्हटलं. "श्रावणात वरून पाऊस, मागून वारा. दीड फुटाच्या जोत्यावर ही बाई कुठे झोपेल?"

साहेबांनी बूट काढून आतलं पाणी ओतलं. मग म्हणाले, "कळतंय हो. पण आराखडा वरचा आहे. मी जोतं साडेतीन फूट मंजूर कसं करू?"

खरं तर उत्तर त्या बाईनं मला आधीच दिलं होतं, मला ते तिथे उभी असताना सुचलं. मी विचारलं, "जोतं कुठून मोजतात?" ओव्हरसियर म्हणाले, "जमिनीपासून." मग जमीन गावानं दोन फूट उचललीय, मी म्हटलं, घरटी एक माणूस लावून. तसंच लिहा. ग्रामस्थांनी श्रमदानातून दोन फूट भराव केला, त्यावर दीड फूट जोतं. यातलं एक अक्षर तरी खोटं आहे का? ओव्हरसियर साहेबांकडे बघायला लागले आणि साहेब पाण्याकडे. शेवटी ओव्हरसियरच म्हणाले, "बसतं साहेब. नियमात बसतं."

दाखला निघाला. पण साहेबांनी मला बोलावून सांगितलं, जुनी टिप्पणी फायलीतून काढून टाका, दोन्ही राहिल्या तर तपासणीत कचेरीची शोभा होईल. मी नाही म्हटलं. आवाज चढला होता माझा, लपवत नाही. ती टिप्पणी गेली तर उद्या या टेबलावर माझ्यासारखीच कुणी खाडीपासून लांब राहिलेली बाई येईल, मंगळवारी जीप मोकळी आहे म्हणून जाईल आणि सुवाच्य अक्षरात कुणाचं तरी घर बुडवील. माझी चूक फायलीत राहणार, आणि ती चूक का झाली तेही तिच्याखाली राहणार. हवं तर माझ्यावर कारवाई करा.

केली. लेखी ताकीद मिळाली, आणि वर बदली, रोह्याला. निडीच्या बाईला शिक्षा म्हणून रोह्याला पाठवणारी कचेरी! रोजची वडखळ-पेणची धावपळ वाचली. बदलीचा कागद घेताना मी सगळ्यांना चहा पाजला, माझ्या खुशीनं, आणि तो हेडक्लार्कना उठून द्यायला लावला.

कौलं जूनच्या आत चढली. श्रावणातल्या पुनवेनंतर दोन दिवसांनी मी रजा काढून गेले. तीन दिवस पाऊस धो धो कोसळत होता आणि बांध एके ठिकाणी पुन्हा फुटला होता. गावातली पुरुषमाणसं तिकडेच होती, घरटी एक. तिच्या घरातून तिचा मुलगा गेला होता. ती दारात तांदूळ निवडत बसली होती. चूल कोरडी, अंथरूण कोरडं.

तिनं मला जोत्याच्या कोपऱ्याशी नेलं. दगडांवर ओल्या गाळाची रेघ उमटली होती, वरच्या कडेपासून चार बोटं खाली. माझ्या कमरेपर्यंत येणारी. मी हातानं दीड फूट मापून बघितलं. रेघ त्याच्या कितीतरी वर होती.

तिनं छिन्नी आणि हातोडा पुढे केला. "नव्या घराची पैली खून हाय. तू मार."

मी म्हटलं, "मावशी, हा मान तुमचा."

"मार गो," ती म्हणाली. "आनि तुज्या कागदात लिव आता. पानी आढळला."