रिकामी तिजोरी उघडी ठेवतात

दहाव्या दिवशी गोदावरीच्या काठावर कावळा शिवेना. रामकुंडावरचे कावळे तसे भुकेले नसतात. त्यांच्यापुढे सकाळपासून भाताचे पिंड मांडलेले असतात, त्यामुळे ते लग्नघरच्या पाहुण्यांसारखे सावकाश येतात. आमच्या पिंडाजवळचा कावळा मात्र येऊन बसला होता आणि नुसता बघत होता. गेलेल्या माणसाचं काही राहून गेलं असेल तर असं होतं, अशी आपल्याकडची समजूत. ज्याने त्याने आठवून वचन द्यायचं, मग तो शिवतो.

मुलाने हात जोडले. "आई, बाबांची काळजी करू नकोस. मी त्यांना पुण्याला घेऊन जातो."

कावळा हलला नाही. मला मनातून बरं वाटलं.

"ताई, तुझ्या साड्या मी जपेन गं," मेहुणी म्हणाली. कावळ्याने मान वळवली आणि परत सरळ केली.

माझा चुलतभाऊ मागे उभा होता. त्याला अशा वेळीही राहवत नाही. "त्याला कॅनडाचा व्हिसा हवा असेल," तो म्हणाला. "वहिनीने सगळी नोकरी तिथल्याच बँकेत काढली."

"गप बसा हो," मेहुणी म्हणाली, पण तिच्याही डोळ्यांत पाण्याबरोबर हसू आलं.

गुरुजी घड्याळाकडे बघत होते. "काका, तुम्ही आठवा काही. नाहीतर दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ. मागे माणसं खोळंबलीत."

मी या गोष्टी मानत नव्हतो. सगळं आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात गेलेला माणूस, जे छापील आहे तेवढंच खरं मानायची सवय. पण चुलतभावाच्या थट्टेने मला तिचं पुस्तक आठवलं. मी पुटपुटलो, "तुझं बँकेचं पुस्तक मी पूर्ण करतो. वर्षश्राद्धाच्या आत."

कावळा उतरला, पिंडाला चोच लावली आणि उडाला. गुरुजींनी सुटकेचा श्वास टाकला.

पुस्तकाबद्दल सांगायला हवं. बायकोला लग्नाआधीच एका मोठ्या कॅनेडियन बँकेच्या मुंबईच्या शाखेत टंकलेखिकेची जागा मिळाली होती. मी नाशिकला, ती आठवडाभर मुंबईला बहिणीकडे. शुक्रवारी रात्री यायची, सोमवारी पहाटे जायची. तीस वर्षांहून जास्त काळ आमचा संसार शनिवार-रविवारचा होता. पुढे ती अधिकारी झाली, आणि बँकेने मुंबईतून काढता पाय घेतला तेव्हा ती शाखा बंद करायचं कामही तिच्याकडेच आलं. ते आटोपून ती कायमची नाशिकला आली आणि लिहायला बसली. मराठीत, त्या बँकेचा इतिहास.

"कोण वाचणार?" मी विचारलं होतं.

"तू वाचशील," ती म्हणाली. "माणसं जन्मभर कुठेतरी नोकरी करतात आणि ते ठिकाण मुळात काय होतं हे कोणी लिहून ठेवत नाही."

टिपणांसाठी मी तिला आमच्या ग्रंथालयातली जुनी सूचिपत्रं, पुस्तकांच्या नोंदीची जाड कार्डं, आणून दिली होती. संगणक आल्यावर ती निरुपयोगी झाली, तेव्हा प्रत्येकावर 'बाद' असा शेरा मीच मारला होता. मागची बाजू कोरी होती. त्या कोऱ्या बाजूंवर तिने बँक उतरवून काढली. पाच प्रकरणं ठरली होती. पहिलं तिने पुरं केलं. उरलेल्या चारांची कार्डं चपलांच्या खोक्यात, रबर लावून, गठ्ठ्या-गठ्ठ्यांनी ठेवलेली होती. तोवर आजार आला.

तेरावं झालं, माणसं गेली, आणि मी जेवणाच्या टेबलावर तिच्या खुर्चीत बसून दुसरं प्रकरण लिहायला घेतलं.

पहिल्या प्रकरणात बंदर होतं. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचं थंड, धुक्याचं गाव. तिथल्या व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन काढलेली ही बँक. त्यांची जहाजं खारवलेला मासा आणि लाकूड घेऊन दक्षिणेच्या उष्ण बेटांवर जात आणि साखर, मळी, रम घेऊन परत येत. दुसरं प्रकरण बेटांचं. 'मासा गेला तिथे बँक गेली,' असं तिने पहिल्याच कार्डावर लिहिलं होतं. स्वतःच्या देशातल्या आजच्या सगळ्यात मोठ्या शहरात शाखा उघडण्याआधी बँकेने ती एका साखरेच्या बेटावर उघडली, याचं बायकोला फार कौतुक होतं. मीही ते कौतुक तसंच ठेवलं.

त्याच गठ्ठ्यात एका जुन्या सहकाऱ्याने तिला सांगितलेली गोष्ट होती. खरी की खोटी, देव जाणे. एका बेटावरचा शाखाधिकारी तापाने गेला. येणारी जहाजं टपाल टाकून पुढे दक्षिणेला जात, बातमी घेऊन परतणारं जहाज महिनोन् महिने नसायचं. तोवर मुख्य कचेरी त्याला पत्रं पाठवत राहिली. हिशेब कधी पाठवता, छप्पर शाकारलं का, आणि शेवटी बढतीबद्दल अभिनंदन. हाताखालचा कारकून ती पत्रं फोडून मेलेल्या साहेबाच्या टेबलावर एकावर एक ठेवत असे. खाली बायकोने लिहिलं होतं : 'पत्रं येत होती तोवर तो नोकरीवर होता.'

ते मी उतरवून घेत असताना टेबलाच्या कडेवर बांगडी वाजली.

ती विचार करताना डावा हात टेबलावर ठेवून बांगडी कडेवर टकटक आपटायची. तीन वेळा, मग थांबायची, मग तीन वेळा. आवाज टेबलाच्या पलीकडच्या बाजूने आला. मी वर बघितलं नाही. भीती वाटली म्हणून नव्हे. बघितलं तर थांबेल असं वाटलं.

त्या दिवसांत घरात ती बऱ्यापैकी होती, असंच मी लिहीन. दुपारी चारच्या सुमाराला गच्चीच्या बाजूने तिचा खोकला यायचा, चहाची आठवण करून द्यायचा तसा. स्वयंपाकघरात लवंगेचा वास असायचा. तिच्या दाढेखाली कायम एक लवंग असे. मी दोन कप चहा करायचो. कामाला येणाऱ्या मावशी हरसूलकडच्या. त्या दुसरा कप धुवायच्या आणि काही विचारायच्या नाहीत.

पावसाळ्याच्या तोंडावर बेटांचं प्रकरण संपलं. दुसऱ्या दिवशी चार वाजले आणि खोकला आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी त्याचा संबंध कशाशी लावला नाही.

तिसरं प्रकरण दक्षिणेचं होतं. बेटांवरून बँक पुढे मुख्य भूमीवर उतरली. स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत गेली, तिथल्या छोट्या बँकांमध्ये आधी थोडा वाटा घेतला, मग सगळ्या घेतल्या. जिथे जाईल तिथे ती आपल्या पाटीबरोबर तिथल्या लोकांचे सणही कॅलेंडरात घालत असे. ते कॅलेंडर दर वर्षी आमच्या स्वयंपाकघरात लागायचं आणि आम्ही त्यात, अनोळखी संतांच्या सुट्ट्यांमध्ये, दुधाचा हिशेब लिहायचो. हे प्रकरण गणपतीच्या दिवसांत पुरं झालं. विसर्जनाच्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेलो आणि मला नुसता भांड्यांचा, साबणाचा वास आला. लवंगेचा डबा उघडून हुंगला. त्यालाही येत नव्हता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. प्रत्येक प्रकरणाबरोबर तिच्यातलं थोडं थोडं कागदावर जात होतं आणि घरातून कमी होत होतं. वचन मी दिलं होतं. कावळ्याने ते घेतलं होतं. आता मी ते पाळत होतो, आणि पाळून झालं की ती राहणार नव्हती.

तरी चौथं प्रकरण मी लिहिलं, कारण त्यात मुंबई होती. बँक समुद्रामागून समुद्र ओलांडत आमच्या किनाऱ्याला कशी लागली, पहिल्या दिवशी शाखेत नारळ कुणी फोडला आणि कॅनडाहून आलेल्या साहेबाने ते पाणी पायांवर उडालं म्हणून कशी मागे उडी मारली आणि हात जोडले. तिथे तिची हकिकत आणि बँकेची हकिकत एकच होती. फार सावकाश लिहिलं, रोज पाव पान. दिवाळीनंतर ते संपलंच. बांगडी शेवटची वाजली ती दोनदाच. तिसऱ्या टकटकीची मी कितीतरी वेळ वाट बघत होतो.

मग मी थांबलो. पाचव्या प्रकरणाचा गठ्ठा रबर न काढता खोक्यात ठेवला आणि खोकं माळ्यावर टाकलं. एक गठ्ठा शिल्लक आहे तोवर काहीतरी शिल्लक आहे. मुलगा फोनवर विचारायचा, "बाबा, पुस्तक कुठवर आलं?" मी म्हणायचो, "चाललंय."

मार्गशीर्षात थंडी पडली. दिंडोरीच्या बाजूने सकाळी धुकं येऊ लागलं. आणि कपाट उघडं राहू लागलं.

तिचं लोखंडी कपाट आतल्या खोलीत होतं. ती गेल्यापासून मी त्याला हात लावला नव्हता. एके सकाळी फिरून आलो तर दार सताड उघडं. साड्यांच्या घड्या, वरच्या कप्प्यात औषधांची पिशवी, सगळं जसंच्या तसं. मी दार लावलं, किल्ली फिरवली आणि खिशात टाकली. दोन दिवसांनी पुन्हा उघडं. किल्ली माझ्याच खिशात.

कुलपं दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याने तेल घातलं, दहादा उघडझाप केली. "लॉक ठणठणीत आहे, काका. अजून वीस वर्षं बघायला नको." मग किल्ली माझ्या हातात देत म्हणाला, "विसरता का हल्ली जरा?"

मी हो म्हणालो. ते सोपं होतं.

त्याच सुमाराला कावळा यायला लागला. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांवर, दुपारी चारला. पोळी टाकली तर खायचा नाही. नुसता बघायचा, त्या दहाव्या दिवशी बघत होता तसा.

मावशींनी एकदा लादी पुसता पुसता म्हटलं, "बाबा, कपाट परत उघडं हाय."

"वाऱ्याने होत असेल."

"खिडक्या बंद हायेत." त्यांनी फडकं पिळलं. "बाईंना काय पायजे असंल. तुमी नाय इचारत, म्हणून उघडतंय."

"कसं विचारायचं?"

"ते मला काय ठावं? तुमी लय पुस्तकं वाचली."

वर्षश्राद्धाला पंधरा दिवस उरले होते. त्या दुपारी मी स्टुलावर चढून खोकं खाली काढलं. रबर इतकं वाळलं होतं की हात लावताच तुटलं. गठ्ठ्यात आठ-दहाच कार्डं होती, आजारातल्या अक्षराची, ओळी खाली घसरलेल्या. बँक जशी वाढली तशी पुढे आवरतंही घेऊ लागली. एकेक बेट, एकेक शहर दुसऱ्यांच्या हवाली करत. पाट्या उतरल्या. मग मुंबई. शेवटचं कार्ड असं होतं :

'शाखा बंद करताना शेवटच्या दिवशी तिजोरी रिकामी करायची आणि दार लावायचं नाही, असं आम्हाला सांगितलं होतं. मी कारण विचारलं. जुने साहेब म्हणाले, बंद दार दिसलं की माणसं आत काय आहे विचारत राहतात, बाहेर बसून राहतात. रिकामी तिजोरी उघडी ठेवावी. मी उघडी ठेवून आले. जिन्यात एकदा वाटलं, परत जाऊन लावावी. गेले नाही.'

मी कार्ड उलटलं. मागे कुठल्यातरी पुस्तकाचा क्रमांक आणि माझ्या अक्षरातलं 'बाद'.

पाचवं प्रकरण मी अकरा दिवसांत लिहिलं. घरात कसलाही आवाज नव्हता, वास नव्हता. फक्त पेन चालत होतं. शेवटी तिचं कार्ड जसंच्या तसं उतरवलं, माझं एकही वाक्य जोडलं नाही.

बाराव्या दिवशी मेहुणीला बोलावलं. साड्या तिने नेल्या, त्यातल्या दोन कामाच्या मावशींना दिल्या. "भावोजी, एखादी तरी ठेवा की तुमच्याजवळ," मेहुणी म्हणाली. मी नाही म्हणालो. औषधांची पिशवी टाकून दिली. राहिला तो आतला चोरकप्पा. त्याची वेगळी किल्ली मला कुठेच सापडली नव्हती आणि तिच्या महत्त्वाच्या वस्तू त्यातच असणार, म्हणून तो मी शेवटी ठेवला होता. हात लावला तर तो नुसता लोटलेला होता. आत काही नव्हतं. कागदसुद्धा नाही, लवंगसुद्धा नाही. पत्रा ओल्या फडक्याने पुसल्यासारखा स्वच्छ होता. हे तिने आधीच, चालता येत होतं तेव्हा, आवरून ठेवलं असणार. मी वर्षभर ज्याची राखण करत बसलो होतो त्यात काही नव्हतं.

वर्षश्राद्धाला मी गच्चीच्या कठड्यावर घास ठेवला. मुलगा, चुलतभाऊ, मेहुणी मागे उभे राहिले. कावळा लगेच आला, घास घेऊन गेला. चुलतभाऊ हळूच म्हणाला, "व्हिसा मिळालेला दिसतोय." या वेळी मीही हसलो.

त्यानंतर कावळा खिडकीच्या गजांवर आलेला नाही. चार वाजता मी एक कप चहा करतो. आतल्या खोलीत कपाट तसंच उघडं आहे, दोन्ही दारं भिंतीला लागलेली. मावशी झाडायला जातात, त्यांना आडवी येतात.

"लावू का, बाबा?" त्यांनी परवा विचारलं.

"राहू द्या," मी म्हणालो.

त्यांनी आत एकदा बघितलं, केरसुणी दाराखालून फिरवली आणि पुढच्या खोलीत गेल्या.