बटण आधी ओढावं लागतं

भगवानराव माझ्या आधी निवृत्त झाले. शाळेच्या कार्यालयात आमची टेबलं समोरासमोर होती. माणूस मूळचा जानेफळचा शेतकरी, राहायला मेहकरला. त्यांची एकुलती एक मुलगी सुचिता विमान चालवते, बरेचदा मुंबई-नागपूर. म्हणजे घरावरूनच जाते. घरी मात्र दोन दिवाळ्या झाल्या, आलेली नाही.

पोरगी वर काय करते ते कळावं म्हणून भगवानरावांनी तिचाच जुना कॉम्प्युटर काढला आणि त्यावर विमान चालवायला शिकले. त्याला खेळ म्हटलेलं त्यांना खपत नाही. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. मुंबईहून उडायचं, ऑटोपायलट लावायचं, की आधी भरून ठेवलेल्या मार्गाच्या हिरव्या रेषेवरून विमान आपोआप नागपूरला जातं.

परवा संध्याकाळी मी गेलो तेव्हा ते वैतागले होते.

"वैजनाथभाऊ, पाहा ना. मेहकर जवळ आलं. दिशेचं बटण उजवीकडं फिरवून राह्यलो, तर हे ऐकतच नाही. सरळ चाललं नागपूरले."

गोजरवहिनी चहा घेऊन आल्या. "पोरीवर गेलं ते."

तेवढ्यात मुंबईहून सुचिताचाच फोन आला. भगवानरावांनी स्पीकर लावला आणि ख्यालीखुशाली सोडून आधी बटणाचंच विचारलं. ती हसली.

"बाबा, नुसतं फिरवून काय होते? ते भरलेल्या मार्गावर हाये. बटण आधी ओढा लागते. ओढलं की तुमच्या मर्जीनं वळते. दाबलं की परत मार्गाले लागते."

"ओढलं की येते?" वहिनींनी विचारलं.

"हाव, आई."

"मंग आम्ही दोन वर्षांपासून ओढूनच राह्यलो ना वं."

मग सुचिता म्हणाली, "आई, सुट्टी मागून पाह्यली होती. यंदाही दिवाळीले ड्युटीच लागली."

"हाव, हाव," म्हणत वहिनी कपबश्या गोळा करायला लागल्या. माझा कप अजून भरलेला होता.

भगवानरावांनी बटण ओढलं. विमान खरंच झुकलं, वळलं. खाली मेहकर होतं म्हणायचं. स्क्रीनवर ना बसस्टँड, ना देऊळ, नुसती मातकट जमीन. तरी घर इथंच असेल अशा अंदाजानं त्यांनी मोठी गिरकी घेतली. वहिनी ट्रे हातात धरून मागं उभ्या राहिल्या.

"अजून एक चक्कर मारा."

त्यांनी मारली. मग विमानाचं नाक पुन्हा हिरव्या रेषेकडं वळवलं.

"काऊन? राहू द्या ना थोडं."

"अवं, मागं माणसं बसली हायेत. त्याइले नागपूरले जा लागते."

त्यांनी बटण दाबलं. रेषा आली तसं विमान तिच्यावर सरळ झालं आणि चालू लागलं.

फोन अजून सुरूच होता. सुचितानं तो ठेवला नव्हता.