चिन्हावरची काळी पट्टी

रायपूरच्या उरला भागात, एका कारखान्यासमोर एक वऱ्हाडी माणूस फोन कंपनीच्या छत्रीखाली सिमकार्ड विकायचा. छत्रीवरच्या चिन्हात डोळा आहे, तो कारखान्याच्या मालकाला सगळं सांगतो, अशी कामगारांत अफवा होती. म्हणून त्यानं चिन्हावर काळी पट्टी चिकटवली होती. उन्हानं ती सुटली की अंगठ्यानं दाबून बसवायचा.

"तुम्हीही असलं मानता?" मी चिडून विचारलं.

"मले मालूम आहे भैया, तो डोळा नाही. पण बायायले भेव वाटते. झाकलं तं इथं बसून मोकळ्या मनानं फोनवर घरी बोलतात."

तरी मी अंधश्रद्धेविरुद्धच्या पत्रकात त्याची जागा आणि पट्टी छापली. ते वाचून, चिन्ह झाकलं म्हणून, कंपनीनं त्याची छत्री उचलली, कामही काढून घेतलं.

अफवा अजून आहे. माझ्या पत्रकात एकही ओळ खोटी नव्हती.