डाळिंबी गाडीचा सोनेरी नंबर

शहरात ज्या पाट्या अजून धडपणे वाचता येतात, त्यातल्या निम्म्या तरी पेंटरनं रंगवलेल्या. दातांच्या डॉक्टरची, कुलपं दुरुस्त करणाऱ्याची, मुलींच्या शाळेची, झालंच तर ‘इथे गाडी लावू नये’ हीसुद्धा. तिच्याखाली लोक हटकून गाडी लावतात, पण निदान अक्षरांकडे एकदा बघून लावतात. वय सत्तावन्न, अंगानं काटकुळा, नखांच्या कडेला कायम कुठला तरी रंग. त्याचं खरं नाव बायकोलासुद्धा फॉर्म भरतानाच आठवतं.

खोड एकच. या माणसाला वाकडं बघवत नाही. कुणाकडे गेला की आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करणार, मग खुर्चीत टेकणार. एकदा डोळे तपासायला गेला, तर समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायची सोडून त्यातलं एक ओळीच्या खाली घसरलंय म्हणून डॉक्टरशी हुज्जत घालून परत आला. चष्मा राहिला तो राहिलाच.

पण दिवस पालटले. दुकानदार छापील बोर्ड लावायला लागले आणि पेंटरचा ब्रश वाळून गेला. दोन वर्षं घर बायकोच्या शिलाई मशीनवर चाललं. पेंटरनं त्या काळात घरातले डबे रंगवले, खिडक्या रंगवल्या, शेवटी बायकोचं मशीनही रंगवायला घेतलं, तेव्हा तिनं त्याच्या हातातून ब्रश काढून घेतला आणि बाहेर जाऊन काम शोधा म्हणून सांगितलं. रागानं नाही, पण अगदी स्पष्ट सांगितलं.

आणि काम मिळालं की हो! शहराबाहेर पंचवीस किलोमीटरवर मोठी गोदामं उभी राहिली होती. त्यांच्या भिंतींवर माणसाच्या उंचीएवढी अक्षरं हवी होती, आणि खडबडीत भिंतीला छापील कापड चिकटत नव्हतं. तीन महिन्यांचं काम, सोमवारी सुरू. कंत्राटदाराची अट अशी, की तिकडे बस जात नाही, तेव्हा स्वतःची गाडी हवी. शिवाय फाटकावरचा पहारेकरी गाडीचा विमा आणि नोंदणी चालवणाऱ्याच्या नावावर असल्याशिवाय आत सोडत नाही. सोमवारी जो पेंटर आला नाही, त्याच्या जागी मंगळवारी दुसरा. कंत्राटदाराकडे दुसरा तयारच होता.

पेंटरनं मोटारसायकल घेतली ती एका निवृत्त गणिताच्या मास्तरांकडून. नऊ वर्षं वापरलेली, काळी, टाकीवर ओरखडे, पण इंजिन ठणठणीत. मास्तरांनी सगळे कागद क्रमवार लावून दिले, हस्तांतराच्या फॉर्मवर जिथे जिथे सही लागते तिथे तिथे केली, आणि फक्त विमा संपलाय तेवढा काढून घ्या म्हणाले. हातात आठ दिवस होते. शहाण्या माणसानं थेट कचेरीचा रस्ता धरला असता. आमच्या पेंटरनं गाडी अंगणात घेतली, चारी बाजूंनी फिरून बघितली आणि पॉलिश पेपर आणला.

चार दिवस त्याला खाण्यापिण्याची शुद्ध नव्हती. गाडी घासली, जिथे खड्डा दिसला तिथे लांबी, म्हणजे रंगाऱ्यांचा खड्डे बुजवायचा लगदा, भरली, ती वाळल्यावर पुन्हा घासली, आणि वर डाळिंबी रंगाचे तीन हात दिले. शेजारपाजारचे येऊन तोंड बघून जायचे त्या टाकीत. हॅन्डलखाली, गाडीच्या मानेजवळ, कुणीतरी खिळ्यानं गिरबटल्यासारखे काही चरे होते. पेंटरनं तेही लांबीनं बुजवून टाकले. तिथे तर त्यानं जरा जास्तच मन लावून काम केलं.

विमा काढायला बायकोचा मामेभाऊ आला. हा विमा एजंट, नात्यानं पेंटरचा मेव्हणा, आणि मेव्हणा असल्यामुळे कुठलीही वाईट बातमी हसत हसत सांगायचा त्याला हक्कच. त्यानं गाडीची वाहवा केली, चहा घेतला, फोनवर फोटो काढायला सुरुवात केली आणि मग विचारलं की चेसिस नंबर कुठाय. म्हणजे कारखान्यात गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला नंबर. गाडी हीच ती, हे त्यावरूनच कळतं. तो फोटोत स्पष्ट दिसला नाही तर कंपनी विमा देत नाही.

पेंटरनं गाडीच्या मानेकडे बघितलं. तिथे डाळिंबी रंग आरशासारखा चमकत होता. चरे कसले होते ते आत्ता त्याच्या डोक्यात उजेड पडला, पण मेव्हण्यापुढे कबूल करील तर तो पेंटर कसला! त्यानं नंबर स्पष्ट हवाय एवढंच पक्कं विचारून घेतलं, आणि उद्या या म्हणून त्याला वाटेला लावलं.

आता सांगा, नंबर दिसत नसला तर रंगाऱ्यानं काय करावं? पेंटरनं रंगवला. मास्तरांच्या कागदांवरून एकेक अक्षर आणि आकडा उतरवून घेतला, बारीक ब्रशानं सोनेरी रंगात काढला, खाली काळी सावली दिली. सतरा अक्षरं, बोटभर जागेत, एका रेषेत. दोन वर्षांत असं काम हातून झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मेव्हणा फोटो काढून म्हणाला, दाजी, इतका स्पष्ट नंबर मी आयुष्यात बघितला नाही. विमा कंपनीचंही तेच मत पडलं असावं, कारण संध्याकाळपर्यंत पॉलिसी आली.

शुक्रवारी नोंदणी कचेरीत तपासणी. शनिवार-रविवार कचेरी बंद, म्हणजे सोमवारच्या आधीचा हा शेवटचा दिवस. बायको फाइल घेऊन सोबत निघाली, पण तिचा हट्ट असा, की गाडी नावावर होईपर्यंत तिच्यावर बसायचं नाही. वाटेत कुणी अडवून गाडी कुणाची म्हणून विचारलं तर? विमा आहे ना, असं पेंटर म्हणाला. विमा असला तरी तोंड तुमचं आहे, नको तिथे उघडतं, असं ती म्हणाली. तेव्हा तीन किलोमीटर ती चकचकीत गाडी हातानं ढकलत नेण्यात आली. वाटेत दोघांनी पेट्रोल देऊ का म्हणून विचारलं.

कचेरीत खिडकीशी रांग, काचेमागे कारकून, दोरीला बांधलेलं पेन. भिंतीवरची सूचनांची पाटी तिरकी होती. पेंटरचे हात शिवशिवले, पण बायकोनं नुसतं बघितलं आणि तो गप राहिला. बारा वाजता त्यांना मागच्या आवारात बोलावलं. तपासणी एक वाजता बंद होणार, असं कारकुनानं दोनदा बजावलं.

तपासणी करणाऱ्या निरीक्षक मॅडम उंच, कमी बोलणाऱ्या, हातात पाटीला लावलेले कागद आणि बॅटरी. त्यांनी दिवे बघितले, ब्रेक दाबले, मग वाकून मानेजवळ बॅटरी मारली. त्या तशाच वाकून राहिल्या. नंबरावरून बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं.

“हे कुणी केलंय?”

पेंटरला वाटलं कौतुक चाललंय.

“मीच,” तो म्हणाला. “सगळं हातानं. साचा-बिचा काही नाही.”

बायकोनं डोळे मिटून घेतले. मॅडमनी शिपायाला आवाज दिला आणि आवाराचं फाटक लावून घ्यायला सांगितलं.

मग त्यांनी थंडपणे समजावलं. सांगाड्यावरचा नंबर खोडून दुसरा घालतात ते गाड्या चोरणारे. अशी गाडी जप्त होते आणि चौकशी संपेपर्यंत मागच्या शेडमध्ये राहते. शेड तिथून दिसत होती. आत ओळीनं गाड्या उभ्या, आणि त्यांच्यावर इतकी धूळ, की कुणाचाही रंग सांगता येऊ नये. चौकशीला किती दिवस, असं बायकोनं विचारलं. कधी तीन महिने, कधी सहा. पेंटरची पाचावर धारण बसली. त्यानं गोदामं, सोमवार, लांबी, चरे, मास्तर असं सगळं एका दमात आणि उलट्या क्रमानं सांगितलं. त्यातून मॅडमना एवढंच कळलं, की या माणसानं कारखान्याचा नंबर घाण समजून बुजवलाय.

“खरा नंबर खाली आहे?”

“आहे.”

“मग दाखवा. एक वाजेपर्यंत.”

बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. पेंटरनं पिशवीतून लांबीची पट्टी आणि थिनरची बाटली काढली. या दोन वस्तू तो कुठेही जाताना बरोबर नेतो, आणि यावरून बायकोनं त्याला आजवर जे ऐकवलं ते सगळं तिनं त्या घटकेला मनातल्या मनात मागे घेतलं. त्यानं सोनेरी नंबराकडे एकदा नीट बघून घेतलं. वाईट वाटलं त्याला, का नाही वाटणार! मग थिनरचा बोळा फिरवला आणि सतरा अक्षरं फडक्यावर आली.

पुढे मात्र गाडी अडली. डाळिंबी रंग हलेना. काम कच्चं केलं असतं तर पाच मिनिटांत सालपट सुटलं असतं, पण या पठ्ठ्यानं आयुष्यात कच्चं काम केलेलं नाही. पहिला हात निघाला, खाली दुसरा तितकाच घट्ट. दुसरा निघाला, तिसरा. पेंटर घामाघूम होऊन स्वतःलाच शिव्या घालत होता, की कोण हा गाढव, इतकं पक्कं काम कुणी सांगितलं होतं याला. बायको शेजारी उकिडवी बसून फडकी पुरवत होती आणि किती वाजले ते सांगत नव्हती. शिपायाची खुर्ची हळूहळू जवळ आली होती. लांबी लागली तेव्हा एकला बारा मिनिटं होती. ती पट्टीच्या टोकानं एकेका खाचेतून उकरून काढावी लागली.

आणि नंबर दिसला. काळपट, ओबडधोबड, हातोड्यानं ठोकलेला. मॅडमनी कागदाशी एकेक आकडा ताडून बघितला. सगळे जुळले. बायकोचा जीव भांड्यात पडला, पण पेंटर अजून वाकलेलाच होता.

“यातला पाच वाकडा आहे,” तो म्हणाला.

“वाकडा आहे म्हणून तर खरा आहे,” मॅडम म्हणाल्या. “असा वाकडा मुद्दाम कुणी काढणार नाही.”

आता रेकॉर्डसाठी नंबराचा छाप घ्यायचा होता. त्यावर पातळ कागद धरायचा, पेन्सिल आडवी फिरवायची, की आकडे पांढरे उमटतात. मॅडमनी कागद-पेन्सिल पेंटरच्याच हातात दिली. छाप झकास आला. पाच त्यातही वाकडा. पेंटरनं मान तिरकी केली, डोळे बारीक केले, आणि पेन्सिलीचं टोक हळूच त्या पाचाकडे वळलं. फक्त एवढीशी रेघ. कुणाला कळलंही नसतं.

बायकोनं त्याचं मनगट धरलं. कागद काढून मॅडमकडे दिला, पेन्सिल शिपायाकडे, आणि नवऱ्याला दोन्ही हात खिशात घालायला सांगितले. त्यानं घातले. पुढचे सगळे फॉर्म तिनं भरले. गाडीचा रंग बदललाय तेव्हा नवा कोणता लिहू, असं कारकुनानं विचारल्यावर पेंटर खिशात हात ठेवूनच सांगायला लागला, की मूळ डाळिंबी, पण त्यात किंचित... बायकोनं मध्येच लाल म्हणून सांगितलं. एकला दोन मिनिटं कमी असताना शिक्का पडला.

बाहेर आल्यावर बायकोनं कागद उन्हात धरून वाचले. मालक म्हणून पेंटरचं खरं नाव, विमा चालू, रंग लाल. तिनं घडी घालून फाइल छातीशी धरली आणि मागे बसली. पेंटरनं किक मारली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली आणि निघाली ती इतक्या सावकाश, की रस्त्याच्या कडेनं चालणारे दोघे गप्पा मारत मारत पुढे निघून गेले. मग सायकलवरून एक आजोबा गेले. त्यांनी जाताना घंटीही वाजवली.

 दुसऱ्या चौकात बायकोच्यानं राहवेना.

“अहो, या वेगानं सोमवारी निघालात तर मंगळवारी पोचाल.”

“सोमवारी एकटा असेन,” पेंटर समोर बघत म्हणाला. “विमा गाडीचा काढलाय. तुझा कुठे काढलाय?”

यावर काय बोलावं ते बायकोला सुचेना. बत्तीस वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदाच होत होतं. पेंटरच्या ते बरोबर लक्षात आलं, आणि त्यानं गाडी आणखी हळू केली.