मजीदच्या टीव्हीवर न उमटलेलं प्रकरण

मजीद टेलर आंधळा होऊन गेला.

लोक सांगतात शुगरनं गेला, हार्टनं गेला. गेला असेल. पण मला विचाराल तर माणूस त्याच्या आधीच संपला होता.

आज वर्ष झालं. म्हणून लिहायला बसलो.

वऱ्हाडातल्या मालेगावात आमची दुकानं भिंतीला भिंत लागून. त्याचं शिलाईचं, माझं टायपिंग-झेरॉक्सचं. कॉम्प्युटर मला कोणी शिकवला नाही, बटणं दाबत दाबत शिकलो. मजीद म्हणायचा, "वामन, तू मशीन बिघडवत बिघडवत शिकला. मी कपडे."

त्याची पोरगी नाझनीन मराठीत पीएचडी झाली. वऱ्हाडातल्या शिंपीकामाच्या बोलीवर प्रबंध लिहिला. काज, तुरपाई, चुन्नट, सगळे शब्द त्यात.

फोनवर बापाला म्हणाली, "अब्बा, शेवटलं प्रकरण तुमच्या दुकानावर हाय."

त्या दिवशी मजीदनं दिवसभर शिवलं काही नाही. येईल त्या गिऱ्हाइकाला हेच सांगत होता.

पण तोवर काचबिंदूनं डोळे खाल्ले होते. डॉक्टरनं साफ सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, राहिली तेवढी सांभाळा. सुईत दोरा तो अंदाजानं ओवायचा आणि कोणाला कळू द्यायचा नाही.

छापील पान दिसेना. मोबाईलवर तर नावच नको.

मग मला सुचलं. नाझनीननं घरी मोठा टीव्ही पाठवला होता. मी लॅपटॉप घेऊन गेलो, वायर जोडली आणि प्रबंधाची पीडीएफ टीव्हीवर लावली. रंग उलटे केले: काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, हाताच्या पंजाएवढी.

मजीद पलंगाच्या काठावर पुढे सरकून बसला.

"दिसून राह्यलं बे," म्हणाला. आणि पोरीचं नाव मोठ्यानं वाचलं.

मग रोज दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, हेच काम. ओळ वाचून झाली की तो पायानं जमिनीवर ठोका द्यायचा, शिलाई मशीनचा पायडल मारावा तसा. मी बटण दाबायचो, पान सरकायचं.

मजीदची बायको, हमीदाभाभी, वैतागायच्या. "तुमच्या पीएचडीपायी माही शिरियल अर्धीच राह्यली."

एकदा किन्हीराजाहून त्यांची मावशी आली. बराच वेळ टीव्हीकडे बघत बसली.

"टीव्ही बिघडला का गा? माणसं काहून नाही दिसून राह्यले?"

मजीद म्हणाला, "माणसं वावरात गेले, मावशी. अक्षरं घरी ठेवून गेले."

हसलो आम्ही. तेव्हा हसायला येत होतं.

पण नजर रोज आटत होती. मी अक्षर मोठं करायचो. अक्षर मोठं झालं की ओळीतले शब्द कमी व्हायचे. पुढं पुढं तर पडद्यावर दोन-तीन शब्दच मावायचे. वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरायची. मग मागं जा, पुन्हा वाच.

मी म्हटलं, "मजीद, डायरेक्ट शेवटल्या प्रकरणावर जाऊ. तुह्या दुकानावर."

"कॉलर लावाच्या आधी काज करते का कोणी? पोरीनं ज्या हिशोबानं लिवलं, त्याच हिशोबानं वाचतो."

"अरे पण डोळे..."

"हायेत अजून."

मी म्हटलं, मग मी वाचून दाखवतो, तू ऐक. त्यालाही नाही. ज्या माणसानं जन्मभर टाका डोळ्यासमोर धरून पारखला, तो ऐकीव गोष्टीवर कसा भागवणार?

हिवाळ्यात एका दुपारी तोच म्हणाला, "वामन, लाव शेवटलं."

मी लावलं. अक्षर वाढवत गेलो. शेवटी प्रकरणाच्या नावातलं एकच अक्षर अख्ख्या टीव्हीभर झालं. त्याच्यापुढं मोठं होत नव्हतं.

मजीद उठला. टीव्हीजवळ गेला, काचेला नाक लागेपर्यंत.

"पांढरं दिसते," म्हणाला. "पांढरं हाय इतकंच समजते."

भाभी दारात उभ्या होत्या.

मी म्हटलं, "आता तरी वाचू दे मले."

"नको. तुह्याकून आयकलं, म्हंजे माहे डोळे गेले असं मीच कबूल केल्यावानी होते."

पलंगावर जाऊन बसला. म्हणाला, "बंद कर. तिची शिरियल लाव."

त्यानंतर मी जात राहिलो. चहा पीत राहिलो. टीव्हीकडे पाठ करून बसायचा तो. प्रबंधाचा विषय मी काढला नाही, त्यानंही नाही.

मग एका सकाळी भाभींचा फोन आला.

मी कब्रस्तानातून परत आल्यावर नाझनीन माझ्याजवळ येऊन बसली.

"वामनकाका, अब्बा फोनवर म्हणले, समदं वाचलं. काय आवडलं विचारलं, तर म्हणले, शेवटलं. त्यातलं कोणतं आवडलं, तुमाले सांगतलं का त्यायनं?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण तिनं पुढं विचारलं असतं, कोणतं वाक्य, कोणता शब्द. मी काय सांगितलं असतं?

म्हटलं, "बेटा, त्याले दिसलं नाही. शेवटलं नाही वाचता आलं."



"मंग मी आल्यावर मीच वाचून दाखवलं असतं ना," ती म्हणाली. "मी तर मुद्दाम नाही वाचून दाखवलं. मले वाटलं, त्यायनं सोता वाचलं."



प्रबंधाचं पुस्तक करू म्हणून लोक आले होते. नाझनीननं नको म्हटलं. मी समजावलं नाही.

मजीद, बाबा, बरं वाटेल असं काही सुचत नाही रे. तुझ्या दुकानाचं शटर बंद आहे. मी माझ्या दुकानात बसतो.

अखेरचा सलाम, भाऊ.